माहेरी आलेली राजदूत

मी मूळचा सोलापूरचा, पण गेली बरीच वर्षं पानिपतमध्ये राहतो. हो, तेच पानिपत. मराठी माणसाला हे सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘अरे बापरे!’ आपल्याकडे पानिपत हे गाव कमी आणि क्रियापद जास्त आहे. परीक्षेत झालं, निवडणुकीत झालं, लग्नात जेवण कमी पडलं तरी पानिपत झालं. इथे मात्र लाखो माणसं रोज सकाळी उठून कामाला जातात. सूत, चादरी, गालिचे, ब्लँकेटं यांचं हे गाव. मीही त्याच धंद्यात आहे. सोलापुरी चादरीच्या गावातून पानिपती चादरीच्या गावात आलेला, म्हणजे आमच्या गल्लीच्या भाषेत फितूरच.

पण आज युद्धाबद्दल किंवा चादरींबद्दल बोलायचं नाही. एका मोटारसायकलीबद्दल बोलायचं आहे. वीस वर्षं बंद पडलेली गाडी सुरू करायला काय लागतं, आणि सुरू झालेली गाडी नीट चालवायला काय लागतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कसं कळलं, ते सांगतो.

माझ्या वडिलांकडे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, राजदूत होती. १९७४ ची, १७५ सीसीची म्हणतात ती. प्रत्यक्षात इंजिन १७३ सीसीचं. अण्णा सुताच्या दलालीत होते. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, सगळी वसुली या गाडीवर. मागच्या सीटवर आई, टाकीवर मी, आणि हँडलला पिशवी. ज्यांनी ‘बॉबी’मधली ती छोटी, मिनी राजदूत पाहिली असेल त्यांनी ती विसरा. आमची ती नव्हे. आमची म्हणजे दूधवाल्यांची राजदूत. दोन्ही बाजूंना कॅन लावा, पाच पोती लादा, तक्रार नाही. तीन गिअर, आणि आवाज असा की अण्णा चौकात वळले की आई चहा ठेवायची.

२००३ साली ती बंद पडली आणि जिन्याखाली गेली. मग तिच्यावर जुने पेपर, मग पाण्याची मोटर, मग लग्नातले कढई-टोप. २०२३ मध्ये घराची दुरुस्ती काढली तेव्हा भंगारवाला आला, हात लावून म्हणाला, ‘किलोवर घेतो.’ अण्णांचं वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण या गाडीत कुठल्या वर्षी क्लच प्लेटा बदलल्या ते आठवतं. त्यांनी भंगारवाल्याला काही उत्तर दिलं नाही. नुसते आत जाऊन बसले. मी म्हटलं, मी नेतो.

आता सोलापूरहून पानिपतला गाडी कशी आणायची? दोन्ही गावं कापडाची, ट्रकची ये-जा असतेच. एका ओळखीच्या ट्रकमध्ये, गठ्ठ्यांच्या मागे उभी करून बांधून आणली. दीड हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास. ट्रकमधून उतरवताना इथला एक म्हातारा मिस्त्री बघत उभा होता. त्याने टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘ये तो म्हारी छोरी सै.’ ही तर आमचीच पोरगी. बरोबर होतं त्याचं. राजदूत बनायची एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात, फरीदाबादला, हरियाणातच. दिल्लीच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला फरीदाबाद. मुळात नमुना पोलंडचा, एसएचएल नावाच्या गाडीचा, पण इथल्या रस्त्यांवर ती इतकी रुळली की पोलंड कोणाला आठवत नाही. पन्नास वर्षं सोलापुरात नांदून पोरगी माहेरी आली होती, आणि आली होती ती अशा अवस्थेत.

त्या मिस्त्रीला सगळे ताऊ म्हणतात. मीही म्हणायला लागलो. त्याने आयुष्यभर राजदूत आणि ट्रॅक्टर एवढंच केलं.

पहिला गाढवपणा मी केला तो ताऊ येण्याआधीच. सगळेच करतात. बंद गाडी समोर आली की हात, म्हणजे पाय, शिवशिवतो. किक मारून बघू! मी किकवर उभा राहिलो, सगळं वजन टाकलं. किक तसूभर हलली नाही. नशीब, आतला दात तुटला नाही. इंजिन वीस वर्षं उभं असलं की पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. त्यावर जोर लावला तर रिंग तुटते, किकचा शाफ्ट जातो. म्हणून पहिलं काम किक मारणं नाही. पहिलं काम प्लग काढणं.

दुसरा गाढवपणा थोडा शिकलेला होता. कुठेतरी वाचलं होतं की प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवायचं. ओतलं. सकाळी बघतो तर आत कोरडं, आणि गाडीखाली सायलेन्सरच्या जोडाशी थारोळं. ताऊ हसला. टू-स्ट्रोक इंजिनला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडझाप करतो. आमचा पिस्टन खाली अडकला होता, खिडकी उघडी होती. मी ओतलेलं डिझेल त्या खिडकीतून निवांत बाहेर गेलं.

मग ताऊने हेड खोललं. डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून त्यात चिंधी भिजवली आणि पिस्टनच्या कडेने ठासून बसवली. कार्बोरेटर काढून त्या तोंडातूनही थोडं आत सोडलं, म्हणजे खालूनही ओल लागेल. या चिंधीबद्दल सांगायलाच हवं. पानिपतमध्ये परदेशातून जुने लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. त्यांचे रंगवार ढीग करतात, फाडतात, पिंजतात आणि त्याच्यापासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटं करतात. त्यामुळे इथल्या गॅरेजमध्ये पुसायला मिळतं ते कुणाच्या तरी स्वेटरची बाही. सोलापूरच्या राजदूतचा पिस्टन असा परदेशी लोकरीत सहा दिवस मुरला.

रोज संध्याकाळी ताऊ गाडी टॉप गिअरमध्ये टाकायचा आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे करायचा. जोर अजिबात नाही, नुसता झोका. टॉप गिअरच का, विचारलं. तर चाकावरून इंजिन फिरवायचं असेल तर टॉप गिअरमध्ये सगळ्यात कमी ताकद लागते. पहिल्या गिअरात चाक दगडासारखं असतं. मला घाई. मी एकदा हातोडी उचलली तर म्हणाला, ‘जोर ना ला भाई, इसनै याद आण दे.’ जोर लावू नकोस, तिला आठवू दे. सहाव्या दिवशी चाक बोटभर जास्त गेलं. मग दोन बोटं. मग आतून कुरकुर झाली आणि पिस्टन वर आला.

इथे बऱ्याच जणांना वाटतं, सुटलं, आता किक मारा. नाही. सिलिंडर काढून बघितलाच पाहिजे. आमच्या सिलिंडरला जिथे रिंगा बसल्या होत्या तिथे गंजाने खड्डे पाडले होते. म्हणजे बोअर करून एक साइज वाढवायची आणि मोठा पिस्टन टाकायचा. लेथवाले पानिपतमध्ये पैशाला पासरी, कारण मागांचे सुटे भाग इथेच होतात. पण ताऊने क्रम सांगितला: आधी पिस्टन आण, मग बोअर. आधी सिलिंडर कापून ठेवला आणि त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर काय करणार? पिस्टन शोधायला दिल्लीला करोल बागेत दोन रविवार घातले. तिथल्या गल्ल्यांमध्ये मोटारसायकलीचं जे हवं ते मिळतं. मात्र दुकानदाराला ‘राजदूत’ म्हटलं की आधी तो तुमच्याकडे बघून हसतो, मग आत जाऊन धूळ झटकत एखादा डबा आणतो.

टाकीचं काम मी स्वतः केलं. झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास नव्हता, वार्निशचा होता. जुनं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो. आत गंजाचे पापुद्रे. थोडे नट आणि खडी टाकून टाकी अर्धा तास हलवली, शेजाऱ्यांना वाटलं याला काहीतरी झालंय. मग सिरका. पानिपत लोणच्यांचंही गाव आहे, इथलं पचरंगा प्रसिद्ध आहे, त्यामुळे सिरका मागितला की कोणी कारण विचारत नाही. तीन दिवस टाकी भरून ठेवली, मग धुतली, खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, वाळवली आणि त्याच तासात आतून तेलाचा हात दिला. हे शेवटचं विसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस. मी विसरलो होतो. सिरका दोनदा आणला.

ठिणगीचं प्रकरण वेगळं. प्लग हेडला टेकवून बघितला तर पिवळट, मरतुकडी ठिणगी. (हे करताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, आतून पेट्रोलची वाफ येत असते.) पॉइंटवर करडा थर चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरने काढला, गॅप फिलर गेजने ०.४ मिलिमीटरला आणला. तरी ठिणगी तशीच. पॉइंट उघडताना तिथेच चकमक दिसत होती, म्हणजे कंडेन्सर गेलेला. नवा आणून टाकला तर तोही तसाच. दुकानातून नवं आणलं म्हणजे चांगलंच असतं, या समजुतीत माझा एक आठवडा गेला. ताऊने स्वतःच्या डब्यातला जुना कंडेन्सर लावला आणि ठिणगी निळी झाली, टक्क आवाजाची.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. सातव्या किकला. गल्लीभर धूर. मी व्हिडिओ काढून सोलापूरला पाठवला, पेढे वाटले. आणि दहा मिनिटांनी ती बंद पडली.

खरी गोष्ट इथून सुरू होते. थंड असताना एका किकला सुरू व्हायची. दहा मिनिटं छान. मग गरम झाली की रेस आपोआप चढायची, थ्रॉटल सोडला तरी उतरायची नाही, आणि मग अचानक बंद. थंड होईपर्यंत सुरू व्हायचं नाव नाही. मी कार्बोरेटर उघडला. जेट फुंकले, तांब्याच्या तारेने साफ केले. सुई घालू नका, भोक मोठं होतं. फ्लोट बघितला. पुन्हा बसवला. तेच. पुन्हा उघडला. असं चार वेळा. शेवटी वाटलं, ऑइल कमी पडत असेल म्हणून तापते, तर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. लिटरला ५० मिली टाकत होतो, ते ८० केलं. गाडी जास्तच तापायला लागली.

ते का झालं हे ताऊने मला चहाच्या ग्लासावर समजावलं. जेटच्या भोकातून एका वेळी ठराविकच माल जातो. त्यात ऑइल वाढवलं तर पेट्रोल कमी झालं. हवा तेवढीच, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी पातळ, म्हणजे आणखी गरम. मी औषध म्हणून रोगच पाजत होतो.

पण मुळात पातळ का होत होतं? टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, ती पेट्रोल-हवा ओढते. खाली आला की तो माल दाबून वर पाठवते. हा पंप हवाबंद हवा. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. वीस वर्षांत ते रबर लाकडासारखं कडक झालेलं. थंड असताना कसंबसं धरतं. गरम झालं की पॉइंटच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते, जी कार्बोरेटरच्या हिशेबात नाही. दुसऱ्या टोकाचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर तिथून गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो. आमची दोन्ही गेली होती. दिवाळीच्या दिवशी ज्या धुरावर मी पेढे वाटले, तो त्याचाच होता.

हे नुसतं तर्काने ठरवायचं नसतं, बघता येतं. ताऊने कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबर लावून बंद केली, प्लगच्या भोकात नळी बसवली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. अगदी थोडी, जास्त भरली तर चांगली सीलही उलटतील. मग ब्रशने साबणाचं पाणी लावत गेला. पॉइंटच्या प्लेटखाली फसाफस बुडबुडे. चार वेळा कार्बोरेटर उघडणारा मी आणि चार आण्याचा साबण. सील बदलायची म्हणजे अख्खं इंजिन उतरवून पेटी फोडायची. जे काम सुरुवातीलाच करायला हवं होतं ते मी पेढे खाल्ल्यावर केलं. माझं मत आता पक्कं आहे: टू-स्ट्रोक गाडी दहा वर्षांहून जास्त बंद असेल, तर सील बदलायची की नाही हा प्रश्नच विचारू नका.

सील बदलल्यावर गाडी सावकाश लयीत आली. तरी पूर्ण थ्रॉटलला किंचित अडखळायची. तिथे आजच्या पेट्रोलचा भाग होता. पानिपतमध्ये इंडियन ऑइलची मोठी रिफायनरी आहे, आणि तिच्या शेजारी १० ऑगस्ट २०२२ रोजी भाताच्या पराळीपासून इथेनॉल काढणारा कारखाना सुरू झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पराळी, सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. आपल्याकडे उसाचं इथेनॉल, इथे पराळीचं. शेतात जाळण्यापेक्षा टाकीत जाळलेलं बरं, यात वाद नाही. पण १९७४ च्या गाडीने हे पेट्रोल कधी पाहिलेलं नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट ठेवलं तर मिश्रण पातळ पडतं. आम्ही मेन जेट एक नंबर वाढवला, अडखळणं गेलं. दुसरं, इथेनॉल ओल ओढतं. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडलं आणि ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर. कॉक खालून ओढतो. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर वरच राहिलं, तर इंजिनाला वंगणच मिळत नाही. म्हणून जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, आणि गाडी उभी करायची तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायची, ही सवय लावली.

ब्रेक, केबली, टायर हे सगळं नवं टाकलं. त्याबद्दल जास्त सांगत नाही, पण चाललं तर थांबलंही पाहिजे.

आता कायद्याचं. पानिपत जिल्हा दिल्लीच्या एनसीआरमध्ये मोडतो. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या इथल्या रस्त्यावर नकोत, असा आदेश हरित लवादाने दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे त्यात बरीच हालचाल झाली, पण पन्नास वर्षांच्या टू-स्ट्रोकला त्यातून दिलासा मिळेल अशी आशा मी धरली नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, २०,००० रुपये फी, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे पोरगी माहेरी आली, बरी झाली, आणि माहेरच्या रस्त्यावर फिरायची तिला मुभा नाही. मी ती आमच्या गोदामाच्या आवारातच चालवली. बोअर नवा असल्याने तशीही हळूच चालवायची होती. गठ्ठ्यांच्या भोवती फेऱ्या. हमाल टाळ्या वाजवायचे.

एक वाईट वाटलं. काला आंबपर्यंत तिला न्यायची इच्छा होती. १४ जानेवारीला तिथे मराठी माणसं येतात, स्वतःला त्या लढाईतल्या मराठ्यांचे वंशज मानणारा इथला रोड समाजही जमतो. मी बसने गेलो.

मग तिला परत सोलापूरला पाठवायचं ठरवलं. तिथे आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, सगळं भरायचं आहे; धाकटा भाऊ त्या मागे लागलाय. ट्रकमध्ये चढवायच्या आदल्या संध्याकाळी ताऊ आला. त्याने पैसे घेतले ते फक्त सुट्या भागांचे आणि लेथचे. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, ‘छोरी की विदाई में कौण लेवै सै?’

त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन लावला. व्हिडिओ नाही, त्यांना स्क्रीन नीट दिसत नाही. फोन सायलेन्सरजवळ धरला आणि किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. अर्धा मिनिट तसाच धरून ठेवला. मग कानाला लावला तर पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली, किंवा ते फोन ठेवून विसरले.

मग आवाज आला. ‘चोक बंद कर की आता. किती वेळ ठेवणारेस?’

खाली बघितलं. चोक उघडाच राहिला होता.